ओढ्यापलीकडचं गाणं

प्रिय डॅडी,

नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीनं मार्चमध्ये मला काढून टाकलं. एक्केचाळीस वर्षांच्या बाईची कंट्री गाणी खपत नाहीत म्हणे. मी अलाबामात परतलेय, तुमच्यापासून सहा मैलांवर राहतेय. "बारमध्ये गाणारी मुलगी माझी नाही," असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून अजून आले नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. लहानपणी दर रविवारी तुमचं प्रवचन संपलं की मी ओढ्यापलीकडच्या काळ्या लोकांच्या चर्चच्या खिडकीखाली जाऊन बसायचे. तिथलं गाणं थेट पोटातून यायचं. मागच्या महिन्यात तिथे ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ओडेसांकडे गेले आणि म्हटलं, "मला तुमचं हे सोल संगीत शिकवा." आणि एक कडवं गाऊन दाखवलं.

"आधी ते नाकातून गाणं बंद कर, पोरी."

मी पुन्हा गायले. त्यांची बोटं थांबली. "पास्टर प्रुइटांची मुलगी ना तू? अगं, तुझ्यासाठी आम्ही थंडीतसुद्धा ती खिडकी उघडी ठेवायचो."

मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडून झालं असेल तर दुसरं कडवं घे."

येत्या गुरुवारी आमच्या दोघींचं रेकॉर्डिंग आहे. "एवढा दम कुणाकडून आला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डॅडींकडून. माईकशिवाय त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा."

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या जेवायच्या वेळी मीच येते. दार उघडलंत तर यातलं सगळं तोंडानं सांगेन.

स्टेजवरचं नाव टाकून दिलंय. रेकॉर्डवर आता हे खालचंच नाव असेल,

तुमची
आर्डिथ प्रुइट