चार कमानी कमी का पडल्या

प्रिय गोमारमामा,

सादर नमस्कार. गुडघा कसा आहे? रविवारी मिरवणूक आहे, म्हणून विचारते. (मामीला वेगळं विचारलं. ती म्हणाली, गुडघा सुधारलाय, स्वभाव नाही.)

टाऊन हॉलची मोजणी मी करतेय; तिच्यात जे सापडलं, ते तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच कळवते. आपला मूळपुरुष यॉस याने हा टाऊन हॉल बांधला, म्हणून दरवर्षी तुम्ही त्याची गवंडीकामाची चांदीची थापी घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालता. मनोऱ्याच्या डावीकडे अकरा टोकदार कमानी आणि उजवीकडे सातच का, यावर ‘कलावंताची मर्जी’ हे तुमचं उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले. (शाळेत तेच लिहून शून्य गुण मिळवले.) तर, उजवी भिंत जिथे संपते तिथून वीतभर अंतरावर काजळलेल्या विटा निघाल्या. पावाची भट्टी, व्यास दोन मीटर दहा सेंटिमीटर. मग दप्तरखान्यातून १४५२ पासूनची नोंदवही काढली. गवंडी दुसराच निघाला. यॉस सातव्या ओळीत आहे : बेकरी विकायला नकार. पुढच्या वर्षी पुन्हा नकार. असे अठरा. शेवटी गवंड्याने चार कमानी गाळल्या आणि काम आटोपलं. (थापीही मोजली. ती केक वाढायची आहे.)

काल हे मी मिरवणूक समितीपुढे ठेवलं. तुमची पुढची जागा आता गेली असं मला वाटलं, आणि खाटीक पाउवेल्सलाही. त्याने ती लगेच स्वतःसाठी मागितली. अध्यक्ष लुटगार्टबाईंनी त्याला खाली बसवलं. म्हणाल्या, “अरे, बांधणारे गावोगाव असतात. नगरपालिकेला अठरा वर्षं ताटकळत ठेवणारा आपल्याकडेच झाला.” ठराव असा : तुम्ही चौकात खुर्ची टाकून बसायचं. महापौर तीनदा जागा मागतील, तुम्ही तीनदा ‘नाही’ म्हणायचं, मग अख्खी मिरवणूक तुम्हाला वळसा घालून जाईल.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
वेर्ले

ता. क. थापी घरीच ठेवा. केक असेल तर आणा.

ता. क. दोन. खरं काम हे : उजव्या भिंतीचा शेवटचा दीड मीटर मोजायचा राहिलाय, कारण तिथे तुमची चिप्सची गाडी उभी आहे. शनिवारी दोन तास ती हलवा, अशी तीन पत्रं मी पाठवली. तिन्ही वेळा तुम्ही ‘नाही’ कळवलंत. तो रविवारचा सराव असेल, तर उत्तम जमलाय. नसेल, तर ती उत्तरं वंशाचा पुरावा म्हणून अहवालाला जोडते.