आवाज टोचतोय

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझ्या मिक्सरवर आज स्टिकर चिकटवण्यात आला. स्वयंपाकघरातला नव्हे, मी साउंड सांभाळतो त्या कार्यक्रमाच्या हॉलमधला – ज्याच्या बटणांवर माझं घर चालतं तो. जिथे मी पेन्सिलीनं ‘गायक’, ‘कीबोर्ड’, ‘ड्रम’ असं लिहून ठेवतो, नेमक्या त्याच पट्टीवर बँडचं नाव, वर विजेचा लोळ, खाली ‘आम्हाला फॉलो करा’. मी कोणाला फॉलो करू? मी तिथे रोज एकटाच बसतो! नखानं खरवडला तर अर्धाच निघाला. उरलेल्या अर्ध्यात विजेचा लोळ शाबूत.

बँड नवा. तिघेच. गातो आणि गिटार वाजवतो त्याला मी मनातल्या मनात बॅनर म्हणतो, कारण तो स्वतःच्या उंचीचा बॅनर घेऊन फिरतो आणि तो बरोब्बर ड्रमरच्या पुढे उभा करतो. ड्रमर कसा दिसतो हे अजून कोणालाच माहीत नाही. कीबोर्डवर बॅनरची थोरली बहीण. ती शहाणी.

उशिरा आले. मी माइक तपासतोय तर ड्रमर धडाधड वाजवतोय. बॅनरनं गिटारचे सूर चालू माइकवर लावले, म्हणजे आलेल्यांना आधी तेच ऐकावं लागलं. प्रत्येक गाण्यानंतर पेजचं नाव, व्हिडिओचं नाव, येणाऱ्या गाण्याचं नाव. आभार मानले ते हॉलचे, मित्रांचे, बॅनर छापणाऱ्याचेसुद्धा.

आणि मग भर कार्यक्रमात, माइकमधून – “दादा, आवाज टोचतोय. धार जरा कमी करा ना.”

सगळा हॉल मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

आमच्या धंद्यात अशा लोकांसाठी एक बटण राखून ठेवलेलं असतं. ते कशालाच जोडलेलं नसतं. गायकाकडे बघून मान डोलवायची, गंभीर चेहऱ्यानं ते फिरवायचं. गायक म्हणतो, “वा, आता कसं!” आजवर एकदाही चुकलेलं नाही.

बॅनर म्हणाला, “नाही दादा. अजून टोचतोय.”

शनिवार, ८ नोव्हेंबर

मालकांनी विचारलं, “कालची पोरं कशी आहेत? दर शुक्रवार त्यांना द्यावा म्हणतोय.” गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही हे मालक स्वतःच सांगतात, त्यामुळे इथे माझा शब्द चालतो. मी म्हटलं, “वाजवतात बरं. पण स्टेजवर कसं वागावं ते कळत नाही. रोजची डोकेदुखी होईल तुम्हाला.”

“मग राहू दे,” मालक म्हणाले. “पुढचा शुक्रवार कबूल केलाय, तेवढा करू.”

तीन वाक्यांत काम झालं. जेवण चांगलं गेलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ही म्हणते, “अहो, तो ओव्हन ओरडून ओरडून गप्प बसला. शेजारीच बसला होतात ना?”

विचारात होतो म्हटलं.

“मागच्या आठवड्यात घड्याळाचा गजर वाजला तेव्हाही विचारातच होतात. एवढा कसला विचार करता कोण जाणे, घरात तर काही दिसत नाही त्याचं.”

खरं तर विचार बॅनरचाच चालू होता. स्वतःचा ढोल पिटणाऱ्यांचा मला राग का येतो? न पिटून ते करणार काय? त्यांना कोण ओळखतं? गाणं चांगलं झालं तर गायक चांगला, वाईट झालं तर साउंडवाला वाईट – या हिशेबात मी इतकी वर्षं गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्यालाच मोठेपणा म्हणत आलो. त्यानं बॅनर छापणाऱ्याचे आभार मानले आणि माझे नाही, हे काही मनातून जात नाही. आता घ्या!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोरं वेळेआधी हजर. बॅनर कडेला उभा केला. ड्रमर दिसला – चष्मा लावतो. गिटारचे सूर स्टेजमागच्या खोलीतच लावून आले. बहिणीनं दम भरला असावा.

साउंड चेकच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “दादा, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. त्याला शुक्रवारचं टेन्शन आहे. ड्रमरला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. इथलं दर शुक्रवारचं ठरलं तर तो थांबणार, नाहीतर महिनाअखेर निघाला. मग कसला बँड! आम्ही दोघं भाऊबहीण घरातच भांडत बसणार.”

मी केबल गुंडाळत राहिलो. आधीच गुंडाळलेली होती.

मध्यंतरात ती पुन्हा आली. भावासारखं माइकवरून नाही, हळूच, कानाशी. “रागावू नका, पण शब्दात ‘स’ आला की दात शिवशिवतात.”

मी हेडफोन लावून ऐकलं. मला तर सगळं स्वच्छ. तिला पटवावं म्हणून मिक्सरच्या पडद्यावरचा आलेख दाखवायला गेलो. आवाज जाड असला की डावीकडे उंचावतो, बारीक असला की उजवीकडे. उजवीकडे डोंगर उभा होता. मी माझ्या हातानं उभा केलेला.

पडदा बिघडलाय असं म्हणालो. माणूस स्वतःच्या कानाआधी यंत्रावर संशय घेतो.

ती गेल्यावर पहिल्या रांगांकडे नीट पाहिलं. एक बाई कानावर तळहात धरून बसल्या होत्या. गाणं आवडत होतं त्यांना, मान हलत होती. तळहात मात्र तिथेच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ओव्हन मुद्दाम लावला. दिवा विझला. बाकी काही नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन दिले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज आले, मधले आले, मी ऐटीत दाबत गेलो. मग थांबले. मी वाट बघत बसलो. पुढचे कधी सुरू करताहेत?

दार उघडलं. “झालं,” बाई म्हणाल्या.

वरचे सूर गेलेत. थोडं वयानं, बरंचसं कामानं. बोलणं ऐकू येतं म्हणून लक्षात येत नाही. गेलेले परत येत नाहीत, उरलेले जपा. “काम काय करता?” त्यांनी विचारलं. सांगितलं. त्या कागदाकडे बघायला लागल्या.

म्हणजे गेले किती महिने मी वरच्या सुरांची धार वाढवतोय. मला पुरे वाटेपर्यंत. चव गेलेला आचारी सगळ्यांच्या ताटात मीठ ओतत सुटलाय, आणि एकानं ‘खारट आहे’ म्हटलं तर त्याला पंगतीतून उठवून लावलं!

गुरुवार, २० नोव्हेंबर

बॅनर हॉलवर आला होता. हात रिकामे.

“दादा, मालक नाही म्हणाले. कारण काही सांगितलं नाही.” मग जरा अडखळत, “ते तुमचंच ऐकतात म्हणे. एक शब्द टाकाल का?”

मी मिक्सर पुसायला घेतला.

“तेवढ्या आवाजावरून राग नाही ना? स्टेजवरून बोलायला नको होतं. खाली येऊन सांगायचं असतं, ताईनं समजावलं मला. होतं काय, माइक हातात आला की तोंड थांबत नाही.”

“बघतो,” म्हटलं.

घरी हिला सगळं सांगितलं. कानांचं, आणि मालकांना काय बोललो तेही. ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती समोर येऊन बसली. म्हणाली, “पोरांसाठी शब्द टाकायचा तर सोपं आहे. कानांचं न सांगताही टाकता येईल.”

“येईल ना. आणि पोरं दर शुक्रवारी माझ्याच हाताखाली गातील. लोक म्हणतील, बँड कर्कश आहे.”

“काम गेलं तर?”

मी डॉक्टरीणबाईंचा कागद तिच्यासमोर ठेवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मालकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी पोरांची, मग कानांची. ते पंख्याकडे बघत राहिले. शुक्रवार पोरांना. मिक्सरवर नवीन माणूस येणार. तो तयार होईपर्यंत मी, पुढचं पुढे.

बॅनरला फोन केला. म्हणाला, “दादा, तुम्ही शब्द टाकलात ना?”

“छे,” म्हटलं, “मालकांना तुमचं गाणं आवडलं.” आणि फोन ठेवला.