तांबडी साय

आप्पा, दुकानात मी समुद्र ठेवलाय. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता, पण खरंच ठेवलाय. आता दुकान परभणीला आहे. राणीसावरगावच्या आपल्या औषधाच्या दुकानात काउंटरच्या डाव्या हाताला ग्लुकोजचे डबे रचलेले असायचे, तशाच जागी इथे एक काचेची पेटी आहे, चार घागरी पाणी मावेल एवढी. फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं आणि मग त्यात प्रवाळ आणि मासे सोडायचे. प्रवाळ म्हणजे खडकाला चिकटून फुलासारखं उमलणारं जनावर. इथल्या बोअरचं पाणी चुकून पडलं तर सगळा खेळ खलास. मे महिन्यात पेटीवर पंखा लावून मी शेजारी घामाघूम बसतो, तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसतं. तुमची सून म्हणते, माझा कूलर दोन उन्हाळे बंद पडलाय, पण माशांचा पंखा एक दिवस बंद नाही. तिचं खरं आहे. गुडघ्यांमुळे ती दुकानापर्यंत येऊ शकत नाही, मी दुपारी जेवायला गेलो की माशांची खबर विचारते.

मासे दोनच आहेत, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. नवरा-बायकोची जोडी. मागच्या वर्षी त्यांनी खडकाच्या पोटाशी अंडी घातली. नारिंगी, दाटीवाटीने चिकटवलेली. आणि आप्पा, त्यांची राखण बाप करतो. दिवसभर अंड्यांसमोर उभा राहून परांनी वारा घालतो, तोंडाने एकेक अंडं साफ करतो, माझं बोट काचेपाशी गेलं तरी अंगावर धावून येतो. करंगळीएवढा जीव. मी बिलं करायचं विसरून बघत राहिलो. घरी सांगितलं तेव्हा तुमच्या सुनेने भाकरी थापता थापता विचारलं, "पिल्लं कदी निघतील?" त्या दिवसापासून रोज तोच प्रश्न.

पण त्याच खडकाच्या बुडाशी वाळूवर एक तांबडी साय धरली होती. दुधावरच्या सायीसारखीच, बोटाने उचलली तर पापुद्रा निघणारी, बुळबुळीत, किरमिजी रंगाची. आज काढावी तर उद्या पुन्हा हजर, आणि रोज थोडी अंड्यांच्या दिशेने वर. साय तिथवर पोचली की अंडी गुदमरणार हे कळत होतं. मी औषधवाला, मला काय सुचणार? तुमच्या जुन्या खलात एरिथ्रोमायसिनची गोळी कुटली आणि पाण्यात सोडली. साय विरघळली, वाळू पांढरी झाली, मी दोन दिवस मिशीला पीळ देत फिरलो. मग एका सकाळी शटर उघडलं तर दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकत होते आणि अंडी पांढरीफटक पडली होती. गोळीने सायीबरोबर पाणी स्वच्छ ठेवणारे चांगले जंतूही मारले होते, आणि मेलेल्या सायीने कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला होता. भराभर पाणी बदललं, मासे कसेबसे वाचले, अंडी गेली. साय मात्र महिन्याच्या आत परत आली. त्या सकाळी मला तुमचाच आवाज आला. मी नुकता डिप्लोमा करून आलो होतो, तुम्ही गंगाखेडला गेला होता, आणि पोट बिघडलेल्या एका गड्याला मी झटक्यात कॅप्सूल काढून दिल्या होत्या. तुम्ही आल्यावर मोठ्या अभिमानाने सांगितलं. तुम्ही टोपी खुंटीला लावली आणि म्हणालात, "गोळी इकलीस ते ठीक हाय. त्याला इचारलंस का, पानी कुठलं पेतो?" मला तेव्हा राग आला होता. तुमच्या या विचारपूस करण्यापायी निम्मं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं, आणि आई त्यावरून तुम्हाला चांगलंच सुनवायची.

मग मी ही साय म्हणजे आहे तरी काय, ते वाचायला बसलो. तेच पान दोनदा वाचलं. ही पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या जिवांच्या कुळातली आहे. झाडं नव्हती, मासे नव्हते, कुणीच नव्हतं, नुसतं पाणी आणि दगड होते, तेव्हा हिचे पूर्वज उन्हात पडून प्राणवायू सोडत होते. इतका काळ सोडत राहिले की आभाळच बदललं. आपण आत घेतो तो श्वास यांनी सुरू केलेला आहे. दुपारी पेटीतला दिवा लागला की सायीवर बारीक बुडबुडे धरतात, मोहरीएवढे, आणि एकेक सुटून वर जातात. ते मी आधीही पाहिले होते आणि मला त्यांची किळस आली होती. आता माझी मान आपोआप खाली झुकली. तुम्ही रोज सकाळी अंघोळ करून, भस्माचे पट्टे ओढून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचा. एवढासा काळा गोळा आणि तुमची न हलणारी नजर. मी एकदा विचारलं होतं, आप्पा, त्यात काय दिसतं? तुम्ही आधी पूजा पुरी केलीत. मग म्हणालात, "दिसतंय म्हनून बघत न्हाई मी." मला वाटलं, टाळलंत. चारठाण्याच्या देवळात आपण गेलो होतो तेव्हाही नुसत्या दगडी खांबासमोर तुम्ही असेच उभे राहिला होता आणि आपली बस चुकायची वेळ आली होती.

एक दिवस मात्र तुम्ही फार स्पष्ट बोललात. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि तुमची सून नांदेडच्या डॉक्टरच्या गोळ्या घेऊन सुजली होती. पाळणा हलावा म्हणून जो येई तो नवीन औषध सांगे आणि मी दुकानातून आणून देई. तुम्ही सगळं बघत होता. एका दुपारी काउंटरवर गोळ्यांची पाकिटं माझ्या हातातून घेतलीत आणि खणात टाकलीत. "तिच्या गोळ्या आजपासून बंद. तिचं त्वांड बघ जरा, कसं झालंय. मला माजं घर भरलेलंच दिसतंय." संध्याकाळी सणवार नसताना तुम्ही तिच्यासाठी इरकली साडी घेऊन आलात. ती रडली, मी तोंड फिरवलं. तुमच्याइतकं प्रेम तिच्यावर तिच्या माहेरीही कुणी केलं नसेल.

तर आप्पा, जोडीने पुन्हा अंडी घातली तेव्हा मी गोळीला हात लावला नाही. सायीला खायला कोण घालतं ते आधी शोधलं. मीच घालत होतो. बाप एवढा राबतो म्हणून त्याला दोन चिमट्या जास्त, आणि औषध घ्यायला आलेली लेकरं बिस्किटाचा चुरा टाकायची तो वेगळा. उरलेलं सगळं खाणं, पाणी जिथे हलत नव्हतं त्या कोपऱ्यात कुजत होतं. चुरा बंद केला, खाणं निम्म्यावर आणलं, पाणी ढवळणाऱ्या पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं. सलाईनच्या नळीने रोज साय ओढून काढली आणि तेवढं नवं खारं पाणी घातलं. शेवटी दोन-तीन दिवस पूर्ण अंधार करायचा होता, उजेडावाचून ती जगत नाही. पेटीला चारी बाजूंनी खोक्यांचे पुठ्ठे लावले, वरून घोंगडी टाकली, आत हवा सोडणारी नळी तेवढी चालू ठेवली. गोळ्या न्यायला आलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आत कोन वारलं का बापा?"

अंड्यांत तेव्हा चंदेरी डोळे दिसायला लागले होते, त्यामुळे मला राहवेना. सकाळी शटर उघडून, पंप बंद करून, मी घोंगडीचं टोक उचललं आणि टॉर्च लावली. अंधारातून डोळे आले. निघालेल्या पिल्लांचं अंग काचेसारखं आरपार, जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढं, ते दिसतच नव्हतं. नुसते डोळे, जोडीजोडीने, शेकड्याने, माझ्या उजेडाकडे पोहत येत होते. टॉर्च डावीकडे नेली, सगळे डावीकडे वळले. समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या या रखरखीत मुलखात, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांशेजारी. मी गुडघे टेकून बसलो होतो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि मी टॉर्च पुन्हा उजवीकडे नेली.

त्या दिवशी मी पेढे आणून दुकानात वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणालो, असेच. उरलेला पुडा दुपारी घरी नेला. तुमच्या सुनेने तो उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "किती झाली?" तिने विचारलं. मी म्हणालो, मोजता आली नाहीत. तिने पहिला पेढा तुमच्या फोटोपुढे ठेवला.

घोंगडी काढली तेव्हा वाळू लख्ख होती, साय गेलेली होती, आणि पाण्यात एकही पिल्लू नव्हतं. त्यांना खायला लागतं ते डोळ्यांना न दिसणारं अन्न माझ्याकडे नव्हतंच, हे मला आधीपासून ठाऊक होतं. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून यात लिहितो. मी तिला अजून सांगितलेलं नाही. जेवायला वाढताना ती विचारते, "मोठी व्हायलीत का?" मी ताटाकडे बघत म्हणतो, व्हायलीत.