राणीफाटक

३ मार्च
ह्यांच्या खोलीत मधमाश्या! हे गेल्यापासून सासूबाईंनी खोलीला कुलूप लावलंय, पण झरोक्याची जाळी फाटकी. कपाटात, कोटाला लागून पोळी लटकताहेत. मधपाळाला निरोप दिला.

संध्याकाळी ताईचा फोन. तिच्या शाळेतली जागा अजून रिकामी आहे. “महिनाअखेर सांग. किती दिवस कोंडून घेणार आहेस?” सासूबाई शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होत्या.
“काय म्हणत होती?”
“काही नाही.”

६ मार्च
मधपाळ आला. धूर केला, पोळी कापून पेटीच्या चौकटींना दोऱ्याने बांधली. एक पोळं कोटाच्या बाहीला चिकटलेलं.
“कोटाला सुरी लावायची नाही!” — सासूबाई.
“मग काय आजी, बाहीसकट पेटीत घालू?”
मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी. लगेच ओशाळले.

राणी सापडली, पेटीत सोडली. बाकीच्या मागोमाग आपणहून आत. पेटीच्या दाराला त्याने पत्र्याचं फाटक लावलं — कामकरी माश्या जातात-येतात, राणी मावत नाही. आणि राणीला सोडून त्या जात नाहीत. निघताना तो सासूबाईंना काहीतरी समजावत होता. मी खोली झाडत होते.

९ मार्च
ताईला फोन केला नाही.

१५ मार्च
सासूबाई दिवसभर गॅलरीत पेटीपाशी. “बघ, कुठे गेल्या नाहीत.” मग हळूच, “आता तूच गं मला.”
ताईच्या शाळेचं सांगायला आले होते; चहा ठेवायला आत गेले.

२४ मार्च
मधपाळ बघायला आला. झाकण काढलं आणि भडकलाच. फाटकाच्या आतून मेलेल्या माश्यांचा खच! सगळे नर. अंगाने जाड, बाहेर पडता येत नाही.
“आजी, फाटक आठवड्यात काढा म्हटलं होतं ना?”
सासूबाई खाली बघत म्हणाल्या, “गेल्या असत्या.”
“अहो, आत पिल्लं आहेत. कशाला जातील? आणि जायचंच असेल तर—” त्याने फाटकाला हात घातला.
“राहू दे. मी काढीन,” सासूबाई म्हणाल्या.

मेलेले मी सुपलीत भरले. रागवायचं होतं. जमलं नाही.

२५ मार्च
सकाळी फाटक माझ्या कपाजवळ ठेवलेलं! माश्या आपल्या ये-जा करताहेत. ह्यांची खोली सताड उघडी. सासूबाई कपाटावरची माझी बॅग खाली काढून पुसत बसल्या होत्या.
“तुझ्या ताईचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो गं,” म्हणाल्या.