भिंग येतंय, अण्णा

प्रिय अण्णा,

आज सकाळी जाहीर झालं! आपण दोघं ज्याची इतके दिवस वाट बघत होतो ते भिंग, माझ्या मिररलेस कॅमेऱ्यासाठीचं अल्ट्रा-वाइड झूम, कंपनीनं अखेर जाहीर केलं. बातमी वाचली आणि फोन हातात धरून मी सरळ तुमच्या खोलीकडे निघाले. दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं, की आत सांगायला कुणी नाही. म्हणून हे पत्र.

दुकानात यायला अजून महिना-दीड महिना लागेल म्हणतात. पण दहा मिलिमीटरपासून सुरू होतंय, अण्णा, दहापासून! माझं जुनं सतरावर येऊन थांबतं. आणि वजनाला निम्मं. त्या जुन्या धोंड्यासारखं मान मोडणारं नाही.

बाकी कुणाला हा आनंद सांगायचा म्हटलं तर आधी अर्धा तास समजावत बसावं लागतं. तुम्हाला कधी समजवावं लागलं नाही. आकडा जितका लहान तितकी खोली जास्त मावते, एवढंच मी सांगितलं होतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेले. लगेच कॅलेंडरचं पान फाडलंत, मागं आपल्या हॉलचा नकाशा काढलात, कोनमापक ठेवलात आणि दाराच्या कोपऱ्यात एक टिंब काढून लिहिलंत, 'रेवा इथं उभी.' मग म्हणालात, "हे बघ, दहाचं असलं तर सोफा, देवघर, तुझी आई, समदं येतंय. भिंत फोडायची गरज नाय."

कॅमेरा घेतला तेव्हाचं आठवतं? "आरसाच नाय म्हणतेस? मग दिसतं कसं?" दोन दिवस तुम्ही त्यात डोकावत होतात. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता जाहीर केलंत, "मी येत जाऊ का तुझ्यासंगं? रिटायर माणूस. घरी बसून काय करू?"

आणि आलात की! माझं काम लोकांच्या घरांचे फोटो काढायचं. नवा फ्लॅट, नवं स्वयंपाकघर, बारा बाय दहाचा हॉल. स्कूटरवर मागं तिवई घेऊन तुम्ही. घरात शिरलं की तिवई लावायची, पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधे आला की बोट वर करायचं. माझ्या फोटोतली भिंत जराशी कलली तरी तुम्हाला खपायचं नाही. "घर पडायलंय का गं ते?"

माणसं मात्र कडेला उभी करू नकोस, असं तुम्ही सारखं सांगायचात. कडेला ताणली जातात, जाडी दिसतात, बायका रागावतात. मी त्यावर सोपा उपाय काढला होता. फोटोच्या वेळी सगळ्यांना घराबाहेरच काढायचं! रिकामं घर छान दिसतं. तुम्हाला ते कधी पटलं नाही. "घर बांधलं त्यांनी, अन् फोटोत तेच नाय?" मी हसून सोडून द्यायची.

आता ते सांगते, जे मी तेव्हा बोलले नाही.

छावणीतलं ते घर. रिटायर सुभेदारांचं. हॉल छोटा, समोर काचेचं शोकेस, शेजारी आरशाचं कपाट. मी कुठूनही फोटो काढला तरी तुम्ही कुठंतरी दिसायचात. एकदा काचेत, एकदा आरशात. ऊन सरकत होतं, मला घाई होती. सगळ्यांसमोर मी ओरडले, "अण्णा, किती वेळा सांगायचं? प्रत्येक फोटोत येता तुम्ही! बाहेर जाऊन बसा ना!"

तुम्ही पाणसळ टेबलावर ठेवलीत आणि बाहेर गेलात. सुभेदारांच्या बायकोनं तुम्हाला ओट्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. मी खिडकीतून बघितलं. तरी काम संपेपर्यंत आत बोलावलं नाही.

घरी आल्यावर विचारलंत, "चहा टाकू का?" बस, एवढंच. पुढच्या कामाला निघाले तर म्हणालात, "गुडघा दुखतोय. तू जा." त्याच्या पुढच्या वेळीही गुडघाच. अण्णा, खरंच दुखत होता का हो तो? एकदा तरी रागवायचं होतंत माझ्यावर! मी माफी मागायला वाटच शोधत होते. तुम्ही रोज सकाळी इतक्या सहजपणे "आलं का तुझं भिंग?" विचारायचात, की मला वाटायचं, विसरले असतील. आणि मग त्या हिवाळ्यात दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

दहाव्याला फोटो लागला. आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आई बघत राहिली आणि म्हणाली, "साऱ्या गावाची घरं काढीत फिरलीस, अन् तुझ्या बापाचा एक धड फोटो नाय तुझ्याकडं?" नव्हताच.

त्यानंतर बरेच महिने मी नवीन काम घेतलं नाही. या पावसाळ्यात हार्ड डिस्क भरली म्हणून जुन्या फाइली पुसायला बसले. गिऱ्हाइकाला कापून-सुधारून दिलेल्या फोटोंच्या नव्हे. मूळ फोटोंच्या, कॅमेऱ्यानं काढले तशाच.

आणि तुम्ही होतात, अण्णा!

कपाटाच्या आरशात पाणसळ धरून. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मांडी घालून. फ्रिजच्या दारावर नुसती पांढरी टोपी. एका घराच्या स्वयंपाकघरात तर डाव्या कडेला सरळसरळ उभे, कुणीतरी दिलेला लाडू खाताय. मी सगळीकडून तुम्हाला कापून काढलं होतं. भिंगानं एकदाही कापलं नव्हतं.

आईला हाक मारली. ती पदरानं चष्मा पुसत आली. बघता बघता हसायलाच लागली. "बाई, बटनं बघ! खालीवर लावलेत. असेच गेले होते लोकाच्या घरी?" मग रडली. मग पुन्हा हसली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवायचंच विसरलो. शेवटी तिनं लाडूवाला फोटो निवडला. मी म्हटलं, "आई, कडेला आहेत ते. हात केवढा लांब झालाय बघ." ती म्हणाली, "होऊ दे लांब. हसायलेत ना?"

आता तोच हॉलमध्ये लावलाय. येणारा प्रत्येक जण हाताबद्दल विचारतो. आई प्रत्येकाला अख्खी गोष्ट सांगते.

आज दुपारी गुलमंडीत अनीसभाईंच्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन भिंगासाठी नाव नोंदवून आले. "मॅडम, आते ही पहला फोन आपकोच करतूं," म्हणाले. मग माझं नाव वहीत लिहिता लिहिता, "अब्बा रहते तो आज मिठाई लेके आते." त्यांना अजून आठवता तुम्ही.

आणि पहिलं कामही ठरलंय. मुकुंदवाडीच्या शोभाताई, धुणीभांडी करून त्यांनी दोन खोल्या बांधल्यात. त्यांची म्हातारी आई बीडकडे अंथरुणाला खिळलेली. तिला लेकीचं घर बघायचंय, पण ती येऊ शकत नाही. म्हणून फोटो हवाय. मी जाऊन बघून आले. खोली एवढीशी की जुन्या भिंगात निम्मीच येते. म्हटलं, "ताई, महिनाभर थांबाल?" त्या म्हणाल्या, "थांबते की. माय बी थांबंल. घर कुठं पळून चाललंय?"

निघताना त्यांनी विचारलं, "मॅडम, फोटोच्या टायमाला आम्ही लोक बाहेर बसायचं ना? मागं एका फोटोवाल्यानं तसंच केलतं."

मी सांगितलं, "नाही. सगळे आत. तुम्ही, सासूबाई, मुलं, सगळे मधोमध."

त्यांनी लगेच आत वळून सासूला हाक दिली, "आत्याबाई, आपल्याला बी फोटोत घेणारेत!" आणि आतून म्हातारा आवाज आला, "मग नवं लुगडं काढून ठेव गं!"

अण्णा, तुमची माफी मागायची राहिली ती राहिली. पण वचन देते. यापुढे कुणाच्या घराचा फोटो काढताना त्या घरातल्या माणसाला मी उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही. भिंत कलली तर कलू दे. शोभाताईंच्या आईला फोटो द्यायला मी स्वतः बीडला जाणार आहे. तिचं बोट धरून एकेकाच्या चेहऱ्यावर ठेवीन आणि सांगेन, ही तुमची लेक, ही तिची सासू, आणि हे बघा, किती दाटीनं बसलेत सगळे.

तुमची,
रेवा