मोबाइलवर बघून शिकले

आजोबा,

चहा किटलीत आहे, तळलेले बोर्सोक फडक्याखाली झाकून ठेवलेत. तुम्ही पिशवी बांधून ठेवलीत ती पाहिली, पण मी विद्यापीठातून येईपर्यंत गावाकडची, कोचकोरची गाडी पकडू नका.

काल विषय निवडताना बाईंनी माझा तीन तारांचा कोमुझ ऐकला आणि विचारलं, "असं मनगट फिरवायला कुठल्या मेंढपाळाने शिकवलं?" सगळ्या शहरी पोरी हसल्या. मी म्हटलं, "कोणी नाही. मोबाइलवर बघून शिकले." दार उघडं होतं आणि तुम्ही बाहेर बाकावरच बसला होतात, हे मला पक्कं माहीत होतं. घरी येताना तुम्ही एवढंच विचारलंत, "बेगाइम, दमलीस का गं?" त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आपण ठरवलेला, तुम्ही मला शिकवलंत तसा कागदाशिवाय नुसतं ऐकून शिकण्याचा विषय त्यांनी दिलाच नाही. त्याला घरचा गुरू लागतो, आणि तो नाही असं मीच सांगून बसले होते. आज त्याच पोरींसमोर तुमचं नाव सांगून तो विषय मागणार आहे. नाही दिला, तरी नाव सांगणार.

आता रागवा हवं तेवढं, पण तुमची पांढरी टोपी मी नेतेय. तिच्याशिवाय तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणून. पिशवीत कोंबलेली नाही, दोन्ही हातांत धरून नेतेय. वाटेत कोणी विचारलं कोणाची, तर आज सांगेन.