सातवा खंड रुखमाबाईला वाचून दाखवण्याबाबत

मी, बळीराम सूर्यभान मनवर, वय त्र्याहत्तर, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, निवृत्त उपसंपादक आणि रविवारच्या पुस्तक-सदराचा लेखक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. शेजारी पंजाबराव गावंडे यांचे मत वेगळे आहे. ते ग्राह्य धरू नये. हृदयाचा आता भरवसा नाही, आणि मजकूर वेळेत देण्याची मला सवय आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी रुखमाबाई हिच्या हयातीत तिच्याच राहतील. तिच्या पश्चात मुलगा अश्वजित याच्या. यात कोणाचा वाद नाही, म्हणून लांबण लावत नाही.

कलम २. माझी खरी मिळकत पुढच्या खोलीतल्या कपाटात आहे. अद्भुत महाकादंबऱ्यांच्या दोन मालिका: ‘काळ्या शिळेचा वंश’, सहा खंड, सातवा लेखकाने अजून पुरा केलेला नाही, आणि ‘वाळूच्या होड्या’, तीन खंड, संपूर्ण. दोन्ही इंग्रजीत. रुखमाबाईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचतो आणि आपल्या बोलीत सांगत जातो.

ही रीत विहारातून घरी आली. वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, आणि वाचणारा प्रकरण अर्ध्यावर टाकून उठत नाही. एका वर्षी वाचन आटोपून घरी आल्यावर रुखमाबाई म्हणाली, “तुमचं ते राजाचं पुस्तकही असंच वाचा ना, अख्खं.” तेव्हापासून आमच्या ओट्यावर वाचन आहे. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली. वाचन थांबले नाही. माझ्यामागे ते कोण करील, एवढ्यासाठीच हा कागद आहे.

कलम ३. दोन मालिकांत थोर कोणती, हा वाद माझ्यासोबत संपू नये. ‘काळी शिळा’ उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या वीरगाथांवर पोसलेली आहे. तिथे शपथ मोडली की तीन पिढ्या भोगतात. लेखकाने त्या गाथांचा कोरडेपणा उचलला आणि त्यात स्वयंपाकघरे, आजारपणे, सासुरवास भरला. ही त्याची कमाई. ‘वाळूच्या होड्या’ तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी गोष्टींतून आली आहे. त्यामुळे तिच्यात गोष्टीतून गोष्ट निघते आणि युद्धापेक्षा पाण्याची विहीर मोठी ठरते. बांधणीत दुसरी सरस आहे. पण माणसे घरात येऊन बसतात ती पहिलीतली.

पुरावा देतो. तिसऱ्या खंडात म्हातारा राजा ओरवान बर्फाच्या दरीत कोसळतो. रुखमाबाई दोन दिवस नीट जेवली नाही. मग तिने ओट्यावरच्या सगळ्या मंडळींना बोलावून राजाचे पुण्यानुमोदन केले. पुस्तकाच्या मुखपृष्ठापुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झाले, पंजाबरावांनी “राजा दिलदार माणूस होता, शत्रूच्याही पोराले पाणी पाजे,” असे भाषण केले, आणि पंगत उठली. चौथ्या खंडात राजा दरीतून चालत वर आला.

पंजाबराव उखडले. “जित्ता हाय? मंग आमी जेवलो कायचं?”

“लग्नाचं समजा,” रुखमाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी सदरात कधी मांडू शकलो नाही.

कलम ४. पंजाबरावांचा दावा असा की, हे सारे आपल्याच वनवासाच्या कथांतून चोरलेले आहे. हा दावा मी फेटाळतो. गेलेले माणूस परत यावे, असे वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला वाटते. त्यासाठी चोरी करावी लागत नाही. हे त्यांना पटलेले नाही. माझे सहाही खंड मात्र त्यांना हवे आहेत. मिळकतीत वाटा असलेल्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून मी पंजाबरावांनाच साक्षीदार केले आहे.

कलम ५. सर्व खंड पुतणी मैत्रेयी हिला द्यावेत. ती इथेच दिग्रसच्या शाळेत शिकवते. अश्वजितने पुण्याहून ध्वनिपुस्तक लावून देतो म्हटले होते. त्यावर त्याच्या आईचे म्हणणे असे: “त्या मशीनीले ‘थांब बाप्पा, मागचं पुन्हा सांग’ कसं म्हनू मी?” तेव्हा वाचन मैत्रेयीने करावे. तिला ‘होड्या’ अधिक आवडतात, हरकत नाही. पण ‘शिळे’तली अरण्यांची वर्णने ती गाळते. माझ्या आजारपणात तिने वाचले, तेव्हा मी आतून ऐकले आहे. गाळू नयेत. रुखमाबाई त्याच झाडांखाली बसून ऐकते.

कलम ६. सातवा खंड माझ्यानंतर आला, तर पहिले प्रकरण रुखमाबाईपुढेच उघडावे. ओरवानची मुलगी घरी पोचते का, हे तिला कळायला हवे. खंड आलाच नाही, तर शेवट रुखमाबाईने सांगावा आणि सगळ्यांनी ऐकावा. आमच्या घरात तोच खरा धरला जाईल. लेखकाबद्दल माझी तक्रार नाही. एवढी माणसे सांभाळायची तर वेळ लागतोच.

कलम ७. माझे पुण्यानुमोदन रीतसर करावे. पंगतीला बसताना कोणी मनात शंका ठेवू नये. मी पुढच्या खंडात परतणार नाही. त्या संध्याकाळी मात्र वाचन बंद ठेवू नये, आणि प्रकरण पुरे करावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

ठिकाण: दिग्रस
दिनांक: ७ ऑगस्ट २०२५

(सही) बळीराम सूर्यभान मनवर

साक्षीदार:
१. (सही) पूनमसिंग राठोड, निवृत्त एसटी वाहक, दिग्रस
२. (सही) पंजाबराव गावंडे, शेतकरी, दिग्रस. कलम ४ मान्य नाही. वाचनाले मी रोज येईन. पोरीने झाडं गाळली तर टोकीन.